बाळाची दुधाची बाटली: दिसायला सुंदर नको, धुवायला सोपी हवी

अकीक्याच्या भेटींत एकदोन दुधाच्या बाटल्या हमखास निघतात. एखादी खाला कार्टूनची आणते, एखादी फुफी हँडलची. मग घरात प्रश्न पडतो, यातली कोणती वापरायची? आम्ही म्हणतो, आधी बाटली लागणार आहे का ते बघा.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. स्तनपानाला धक्का लागू नये म्हणून आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. थोड्या दिवसांचाच प्रश्न असेल तर उकळलेली वाटी आणि चमचा पुरतो. पण आई आजारी असते, कामावर जाते, तेव्हा बाटली घ्यावी लागते. त्यात आईने अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

घेताना रुंद तोंडाची, सरळ आकाराची बाटली घ्या. कोपऱ्यांत आणि नळ्यांत दूध साचलं की जंतू वाढतात आणि बाळाला जुलाब लागतात. काच उकळायला चांगली, पण जड आणि फुटणारी. स्टील टिकतं, पण आत किती दूध उरलं ते दिसत नाही. प्लास्टिक घेतलं तर त्यावर ‘बीपीए नाही’ असं लिहिलेलं बघा. नवजात बाळाला सव्वाशे मिलीची छोटी बाटली पुरेशी आहे.

निपल सर्वात हळू धारेचं हवं. बाटली उलटी धरली की दूध थेंब थेंब पडावं, धार लागू नये. बाळाला ठसका लागत असेल, ओठांच्या कडेने दूध ओघळत असेल, तर धार जास्त आहे. दूध येत नाही म्हणून गरम सुईने भोक मोठं करायची सवय अनेक घरांत आहे. ती सोडा. निपल चिकट झालं, चिरलं की लगेच बदला.

प्रत्येक वेळी बाटली साबण आणि ब्रशने धुवून, पूर्ण पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळा. पावडर डब्यावरच्या मापानेच घाला. पैसे वाचवायला पाणी वाढवलं तर बाळ उपाशी राहतं. उरलेलं दूध फेकून द्या.

आणि बाटली उशीला टेकवून बाळाला एकटं सोडू नका. अम्मी असो, अब्बा असोत की दादी, बाळाला मांडीवर घेऊन, डोकं थोडं उंच धरूनच दूध पाजा.