लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी प्रशासकीय दिनदर्शिका : स्वरूप, घटना व अध्यापनातील उपयोजन

प्रस्तावना :

लोकप्रशासन ही सामाजिक शास्त्रांमधील तुलनेने नवी, परंतु नागरिकांच्या दैनंदिन जीवनाशी सर्वाधिक निकटचा संबंध असलेली ज्ञानशाखा आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत ती स्वतंत्रपणे अथवा राज्यशास्त्राच्या जोडीने पदव्युत्तर स्तरावर शिकविली जाते. या विषयाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे विभागाच्या सूचनाफलकावर परीक्षांच्या जाहिराती, अर्जाच्या अंतिम तारखा आणि अधूनमधून एखाद्या चर्चासत्राची सूचना एवढाच मजकूर आढळतो. जाहिरात लांबली की विद्यार्थ्याचा अभ्यास थांबतो आणि दोन वर्षांचा पदव्युत्तर काळ प्रतीक्षेत निघून जातो.

वस्तुतः ज्या प्रशासनाचा हा विद्यार्थी अभ्यास करतो त्याचे स्वतःचे एक निश्चित वेळापत्रक आहे. अर्थसंकल्प, ग्रामसभा, महसुली वर्ष, विधिमंडळाची अधिवेशने, लोकशाही दिन या घटना कायद्याने, शासन निर्णयाने अथवा प्रस्थापित प्रथेने ठरलेल्या काळात घडत असतात. त्यासाठी प्रवासखर्च अथवा नोंदणीशुल्क क्वचितच लागते आणि यांतील बहुतेक घटना तालुक्याच्या ठिकाणीही पाहता येतात. प्रस्तुत लेखात या घटनांचे स्वरूप विशद करून त्यांची पदव्युत्तर अभ्यासक्रमाशी सांगड कशी घालता येईल हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बदललेली शैक्षणिक व परीक्षाविषयक चौकट :

अलीकडील चार बदल या संदर्भात विचारात घेणे आवश्यक ठरते.

१) राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात संशोधन पद्धती, कार्यांतर्गत प्रशिक्षण म्हणजेच ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प हे घटक समाविष्ट झाले. दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी ४ श्रेयांक कार्यांतर्गत प्रशिक्षणासाठी असून त्याचे स्थान सामान्यतः दुसऱ्या सत्रात आहे. संशोधन प्रकल्प तिसऱ्या व चौथ्या सत्रात येतो.

२) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवी बंद झाली. परिणामी एम.ए. व पीएच.डी. यांच्या मधली संशोधन प्रशिक्षणाची पायरी नाहीशी झाली असून ती जबाबदारी आता प्रामुख्याने एम.ए.च्या संशोधन प्रकल्पावर आली आहे.

३) जून २०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरण्याची तरतूद झाली. लोकप्रशासन हा या परीक्षेतील स्वतंत्र विषय आहे.

४) महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षेस वर्णनात्मक स्वरूप देण्याचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर केला. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर त्याची अंमलबजावणी २०२५ पासून करण्याचे ठरले. नव्या योजनेत प्रत्येकी २५० गुणांच्या दोन वैकल्पिक विषयपत्रिका असून वैकल्पिक विषयांच्या यादीत लोकप्रशासनाचा समावेश आहे.

या चारही बदलांची दिशा एकच आहे. पर्यायांतून अचूक उत्तर निवडण्याऐवजी प्रत्यक्ष प्रशासनातील उदाहरण देऊन मांडणी करण्याची क्षमता आता विद्यार्थ्याकडून अपेक्षिली जाते. ही क्षमता केवळ मार्गदर्शिका वाचून येत नाही. प्रशासन काम करीत असताना त्याचे निरीक्षण करावे लागते.

वर्षभरातील निश्चित प्रशासकीय घटना :

अ) एप्रिल ते जून : १ एप्रिल रोजी नवे वित्तीय वर्ष सुरू होते. २१ एप्रिल हा नागरी सेवा दिन होय. सरदार वल्लभभाई पटेल यांनी १९४७ मध्ये दिल्लीतील मेटकाफ हाऊस येथे प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचे स्मरण म्हणून तो पाळला जातो. २४ एप्रिल हा राष्ट्रीय पंचायत राज दिन असून ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये याच तारखेस अंमलात आली. २८ एप्रिल या तारखेचा संबंध महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क कायद्याशी आहे. २०१५ मध्ये या तारखेपासून प्रथम अध्यादेशाद्वारे अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकांना प्राप्त झाला. १ मे हा महाराष्ट्र दिन तर आहेच, शिवाय १९६२ मध्ये याच दिवशी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. एप्रिल-मे हा सर्वसाधारण बदल्यांचाही काळ असतो. बदल्यांच्या विनियमनासाठी केलेल्या २००५ च्या अधिनियमातच कोणतीही नस्ती कर्मचाऱ्याकडे सात कार्यालयीन दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये अशी तरतूद आहे. विद्यार्थ्यांना बदल्यांचा भाग सहसा माहीत असतो, विलंब प्रतिबंधाचा भाग मात्र बहुधा अपरिचित राहतो.

आ) ऑगस्ट ते ऑक्टोबर : १ ऑगस्ट हा महसूल दिन होय. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे मोजले जाते. एकाच तहसील कार्यालयात वित्तीय वर्ष व महसुली वर्ष ही दोन वर्षे समांतर का चालतात, हा प्रश्न भारतीय प्रशासनाच्या ऐतिहासिक वारशाचे प्रकरण शिकविताना उपयुक्त ठरतो. २८ सप्टेंबर हा माहिती अधिकार दिन आहे. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अंमलात आला. त्याच्या कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे व ती दरवर्षी अद्ययावत ठेवणे बंधनकारक आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या प्रक्रियेस गती येते.

इ) डिसेंबर ते मार्च : १९५३ च्या नागपूर करारातील तरतुदीस अनुसरून विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूर येथे घेतले जाते. या हिवाळी अधिवेशनाच्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे राज्यशास्त्र व लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग आयोजित केला जातो. निवड विद्यापीठांमार्फत होत असल्याने विभागाने त्याकडे वेळीच लक्ष देणे इष्ट होय. २०१७ पासून केंद्रीय अर्थसंकल्प १ फेब्रुवारी रोजी मांडला जातो. बृहन्मुंबई महानगरपालिकेचे अर्थसंकल्पीय अंदाज ५ फेब्रुवारीपर्यंत सादर होतात, तर राज्याचा अर्थसंकल्प साधारणतः मार्चमध्ये येतो. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे राज्यविषयक अहवाल संविधानाच्या अनुच्छेद १५१ नुसार विधिमंडळापुढे ठेवले जातात. कार्यालयांतील मार्चअखेरची धावपळ ही तर वित्तीय प्रशासनाच्या अभ्यासकासाठी एक प्रयोगशाळाच होय.

ई) दरमहा : प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात, दुसऱ्या सोमवारी विभागीय स्तरावर व तिसऱ्या सोमवारी तालुका स्तरावर लोकशाही दिन घेतला जातो. तक्रार निवारण यंत्रणेचे निरीक्षण करण्यासाठी याहून सुलभ संधी क्वचितच मिळेल.

चालू कालखंडातील विशेष घटना :

वार्षिक घटनांखेरीज २०२५ ते २०२७ या कालखंडास तीन घटनांमुळे विशेष महत्त्व प्राप्त झाले आहे.

पहिली घटना स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांची. बृहन्मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तेथे प्रशासकाची राजवट होती. राज्यातील इतर अनेक संस्थांतही हीच स्थिती निर्माण झाली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनंतर नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी डिसेंबर २०२५ मध्ये आणि २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे अनुच्छेद २४३-यू सांगतो. तरीही अनेक शहरांचा कारभार दीर्घकाळ निर्वाचित सभागृहाविना चालला. प्रशासकाच्या काळातील आणि निर्वाचित सभागृहाच्या काळातील निर्णयप्रक्रियेची तुलना हा त्यामुळे या पिढीतील विद्यार्थ्यांना उपलब्ध झालेला दुर्मीळ अभ्यासविषय आहे.

दुसरी घटना म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून सुरू होणारा सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा कालावधी. ग्रामपंचायतींच्या हाती येणाऱ्या निधीत वित्त आयोगाच्या अनुदानाचा वाटा महत्त्वाचा असल्याने संघराज्याच्या वित्तीय संबंधांचा अमूर्त वाटणारा भाग येथे गावपातळीवर अभ्यासता येतो.

तिसरी घटना जनगणना २०२७ ही होय. जून २०२५ मध्ये तिची अधिसूचना निघाली. गृहसूचीकरणासाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ व लोकसंख्या गणनेसाठी फेब्रुवारी २०२७ हा महिना निश्चित करण्यात आला असून देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक आहे. डिजिटल साधनांनी होणारी ही देशातील पहिलीच जनगणना असून शिक्षक, महसूल कर्मचारी व स्थानिक संस्था यांच्यातील समन्वयाचे ते मोठे उदाहरण ठरते.

अध्यापनातील उपयोजन :

या दिनदर्शिकेचे वैशिष्ट्य असे की, ती सत्रपद्धतीशी बऱ्याच अंशी जुळते. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती शिकविली जात असताना महसूल दिन व माहिती अधिकार दिन येतात. या काळात प्रत्येक विद्यार्थ्यास एक कार्यालय नेमून देऊन त्या कार्यालयाने प्रसिद्ध केलेली १७ बाबींची माहिती तपासण्यास सांगता येईल. कोणत्या बाबी अद्ययावत आहेत, कोणत्या जुन्या आहेत व कोणत्या मुळीच नाहीत, याचा तक्ता हेच त्याचे पहिले संशोधन साधन ठरेल. दुसऱ्या सत्रातील कार्यांतर्गत प्रशिक्षण अर्थसंकल्प व मार्चअखेरीच्या काळातच येते. एका श्रेयांकास ३० तास या प्रमाणाने ४ श्रेयांकांचे १२० तास होतात. हे तास नगरपरिषदेच्या लेखा शाखेत अथवा पंचायत समितीत खर्ची पडल्यास विद्यार्थ्यास देयक, मंजुरी, अखर्चित निधी या संज्ञांचा प्रत्यक्ष अर्थ उमगतो.

तिसऱ्या व चौथ्या सत्रांतील संशोधन प्रकल्पासाठी ग्रामसभा हा उत्तम विषय आहे. महाराष्ट्रात प्रथेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या निमित्ताने ग्रामसभा होतात. एकूण मतदारांच्या १५ टक्के अथवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती गणपूर्तीसाठी आवश्यक असते, तर तहकूब सभेस गणपूर्तीची अट लागू नसते. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच गावाची निवड केली, ऑक्टोबरच्या सभेपासून आराखड्यात आलेल्या कामांची यादी केली आणि त्याआधीच्या वर्षी मंजूर झालेल्या कामांपैकी मार्चअखेर किती कामांवर प्रत्यक्ष खर्च पडला हे इतिवृत्त व हिशेब यांवरून पडताळले. अशा प्रकल्पासाठी मोठे ग्रंथालय लागत नाही, परंतु त्यातून निर्णय व अंमलबजावणी यांतील अंतराविषयी जे ज्ञान मिळते ते क्रमिक पुस्तकात मिळत नाही. महिला सभेतील ठराव मुख्य सभेपुढे खरोखर येतात काय, हा प्रश्नही असाच अभ्यासता येईल.

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. पुण्यातील यशदा, दिल्लीतील १९५४ साली स्थापन झालेली भारतीय लोकप्रशासन संस्था अथवा महाराष्ट्र राज्यशास्त्र व लोकप्रशासन परिषदेचे वार्षिक अधिवेशन येथवर पोहोचणे प्रत्येक विद्यार्थ्यास शक्य नसते. तालुक्याचा लोकशाही दिन मात्र त्याच्या एस.टी.च्या मार्गावर असतो. जी परिस्थिती आजवर उणीव मानली गेली तीच येथे अभ्यासाची सोय ठरते.

दक्षता व मर्यादा :

हा उपक्रम राबविताना काही दक्षता आवश्यक आहेत. विभागप्रमुखांच्या पत्राने संबंधित कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी. लोकशाही दिनात आलेल्या तक्रारदारांची नावे व वैयक्तिक तपशील अहवालात येऊ नयेत. माहितीचा अर्ज हा अंतिम उपाय मानावा व आधीच प्रसिद्ध असलेली माहिती प्रथम वाचावी. तीस विद्यार्थ्यांनी एकाच कार्यालयास एकच अर्ज करणे हा अभ्यास नसून त्रास होय. निवडणूक काळात आचारसंहितेमुळे अनेक बैठका पुढे ढकलल्या जातात, याचाही वेळापत्रकात विचार करावा. तसेच निरीक्षणास सिद्धान्ताची जोड नसेल तर अहवाल केवळ सहलीचे वर्णन बनतो. वेबरची नोकरशाहीची संकल्पना अथवा रिग्जचे प्रिझमॅटिक समाजाचे प्रतिमान यांच्या आधारे निरीक्षणाचा अर्थ लावण्याची जबाबदारी अखेर प्राध्यापकांचीच राहते.

समारोप :

लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सर्वच प्रशासकीय सेवेत जातील असे नाही. जागा मर्यादित असतात व उमेदवार असंख्य असतात. परंतु परीक्षेत यश मिळो वा न मिळो, दोन वर्षांच्या अखेरीस एका ग्रामपंचायतीचा आराखडा, एका कार्यालयाची माहिती व एका अर्थसंकल्पाचे अंदाज वाचता येणारा पदवीधर घडविणे हे विभागाच्या आवाक्यातील कार्य आहे. त्यासाठी सूचनाफलकावर जाहिरातींच्या शेजारी पुढील महिन्याच्या प्रशासकीय घटनांचा एक कागद लावणे व त्यांपैकी किमान एका घटनेस विद्यार्थ्यांना पाठविणे एवढी सुरुवात पुरेशी ठरेल. जाहिरात केव्हा निघेल हे विभागाच्या हाती नाही. तालुक्याचा तिसरा सोमवार मात्र दर महिन्याला येतो.