नकाशावर नसलेली वस्ती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नाल्यापलीकडच्या वस्तीतून आमच्या शाळेत बरीच मुले येतात. तिथल्या एका सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका आली, पण फाट्यावरच थांबली. चालकाच्या मोबाइलमधल्या नकाशात फाट्यापुढे ना रस्ता होता, ना घरे. तो बिचारा फोनवर रस्ता विचारत राहिला आणि अर्धा तास गेला. शेवटी घरच्यांनी तिला ट्रॅक्टरवर फाट्यापर्यंत आणले. अल्लाहच्या कृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण दुसऱ्या दिवशी त्याच घरातली मुलगी वर्गात उभी राहिली. "सर, आमची वस्ती नकाशात का नाही?"

आम्हा शिक्षकांकडे उत्तर नव्हते. ते शोधताना आम्ही जे शिकलो, ते आज वाचकांसमोर ठेवत आहोत.

पहिली गोष्ट ही कळली की नकाशा आपणही काढू शकतो. 'ओपनस्ट्रीटमॅप' हा जगाचा नकाशा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि तो सामान्य माणसेच भरतात. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहाची चित्रे पाहून तिथले रस्ते काही दिवसांत नकाशावर आणले, आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. जे दूरच्या लोकांनी परक्या देशासाठी केले, ते आपण आपल्या मोहल्ल्यासाठी का करू नये?

काम अवघड नाही. संकेतस्थळावर मोफत खाते उघडायचे, मागे दिसणाऱ्या उपग्रह-चित्रावरून रस्ता गिरवायचा, घरे, विहीर, शाळा, मशीद, मंदिर, दवाखाना यांच्या खुणा करायच्या. संगणक नसेल तर अँड्रॉइड मोबाइलवर 'स्ट्रीटकम्प्लीट' हे अ‍ॅप घ्यावे. ते चालता चालता साधे प्रश्न विचारते: हा रस्ता डांबरी की मातीचा? या रस्त्याचे नाव काय? आपण उत्तर दिले की नकाशा सुधारतो. एकाच ठिकाणाचे नाव मराठीत, उर्दूत आणि इंग्रजीत वेगवेगळे लिहिण्याचीही सोय इथे आहे. आमच्या मुलांना हे फार आवडले.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावे किंवा रस्ते उतरवू नयेत. ती त्यांची मालमत्ता आहे. आणि कुणाच्या घरावर माणसाचे नाव किंवा फोन नंबर टाकू नये. लेकीबाळींचे घर कुठले, हे जगाला सांगण्याची गरज नाही.

दुसरे साधन म्हणजे 'क्यूजीआयएस'. हे संगणकावरचे नकाशाचे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे आणि नोकरी करणारे नकाशातज्ज्ञही तेच वापरतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे यात थर ठेवता येतात: एकावर रस्ते, दुसऱ्यावर विहिरी, तिसऱ्यावर जमिनीचा चढउतार. चढउताराची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने गोळा केली आणि तीही मोफत मिळते. ती उघडली की आपल्या वाशिम जिल्ह्याचे वेगळेपण दिसते. एका बाजूचे पाणी पैनगंगेतून गोदावरीकडे जाते, दुसऱ्या बाजूचे काटेपूर्णेतून पूर्णा आणि तापीकडे. पाऊस पडूनही उंचावरच्या गावांतून पाणी का निघून जाते, हे मुलांना पुस्तकापेक्षा त्या चित्रातून लवकर समजले.

शेतकरी बांधवांसाठी युरोपच्या 'सेंटिनेल-२' उपग्रहांची चित्रे उपयोगी आहेत. त्यातला एक चौकोन १० मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे एका एकरात साधारण ४० चौकोन बसतात. साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते आणि ते ब्राउझरवर फुकट पाहता येते. सोयाबीन कुठे पिवळे पडते आहे, याचा अंदाज येतो. पावसाळ्यात ढग आडवे येतात. तेव्हा 'सेंटिनेल-१' या रडार उपग्रहाची मदत घेता येते, कारण रडार ढगातूनही पाहते. आपल्या इस्रोचे 'भुवन' हे पोर्टलही २००९ पासून सुरू आहे.

शेताचे गट क्रमांक राज्य सरकारच्या 'महाभूनकाशा'वर पाहता येतात. पण बंधूंनो, मोबाइलवरची रेघ दाखवून बांधावर भांडू नका. शेत असो की कब्रस्तान, हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच ग्राह्य धरली जाते. आपला नकाशा समजून घेण्यासाठी आहे, निकाल देण्यासाठी नाही.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. अल्-बिरूनीने हजार वर्षांपूर्वी डोंगराच्या उंचीवरून पृथ्वीची त्रिज्या काढली. अल्-इद्रीसीने ११५४ मध्ये जगाचा नकाशा पूर्ण केला. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी मध्यरेषेवरची गावे सांगितली, त्यांत वत्सगुल्म म्हणजे आपले वाशिम येते. भारताची महामोजणी १८०२ मध्ये सुरू करणारे लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला वारले. पुढे त्याच मोजणीची अवजड यंत्रे दुरुस्त केली ती अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन या कारागिराने. शाळेत हे नाव आम्हालाही कुणी शिकवले नव्हते.

आता रोजगाराचे. रस्ते, पाणी, शेती, विमा, वीज, सगळीकडे नकाशाचे काम वाढते आहे, आणि त्यातले बरेचसे एका जागी बसून करता येते. शिकण्यासाठी पुण्या-मुंबईलाच जायला हवे असे नाही. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ही इस्रोची संस्था ऑनलाइन मोफत अभ्यासक्रम चालवते आणि प्रमाणपत्रही देते. बारावीनंतर घरी बसलेल्या मुलींच्या अम्मी-अब्बांना आमची विनंती आहे की हा मार्ग एकदा पाहावा. महागडी फी भरण्याआधी ही मोफत साधने वापरून मुलीचा कल तरी कळेल.

आम्ही दोन रविवारी नववीच्या मुलांना घेऊन त्या वस्तीत फिरलो. रस्ता, नाल्यावरचा फरशी पूल, हापशी, अंगणवाडी, सगळे टिपले. वस्तीचे नाव त्याच मुलीने मराठीत आणि उर्दूत भरले. रस्ता अजून कच्चाच आहे. नकाशाने तो पक्का होत नाही. त्यासाठी ग्रामसभेत अर्ज दिला आहे आणि सोबत हाच नकाशा जोडला आहे. निदान आता फाट्यावर कुणी 'पुढे काही नाही' असे म्हणणार नाही.

तुमचा मोहल्ला नकाशात आहे का? आज घरातल्या मुलांना घेऊन एकदा पाहा.