अक्षरजुळणी प्रकल्पातील फायलींची मांडणी

अक्षरजुळणी प्रकल्पातील फायलींची मांडणी : मोठ्या ग्रंथाची संगणकावर अक्षरजुळणी करताना त्याचा मजकूर, आकृत्या, शैलीविषयक आज्ञा आणि संगणकाने निर्माण केलेल्या फायली यांची वेगवेगळ्या फोल्डरांत केलेली पद्धतशीर विभागणी. कोश, प्रबंध, पाठ्यपुस्तके इ. ग्रंथांवर अनेक व्यक्ती दीर्घकाळ काम करीत असल्याने तेथे तिला विशेष महत्त्व असते. एकाच प्रकरणाच्या दोन प्रती वापरात राहिल्यास दुरुस्ती एका प्रतीत होते व छपाई दुसरीवरून होते. हा धोका टाळणे हे या मांडणीचे मुख्य प्रयोजन होय.

खिळ्यांच्या जुळणीत हा प्रश्न मर्यादित होता. गॅलीत बांधून ठेवलेली जुळणी एकच असे. मुद्रितशोधकाने दाखविलेली दुरुस्ती तिच्यातच केली जाई आणि छपाईनंतर खिळे सोडवून खान्यांत परत टाकले जात. संगणकावर प्रत काढणे विनासायास झाल्याने मूळ प्रत कोणती, हे ठरविणे आवश्यक झाले.

मुख्य फाइल : डॉनल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली ‘टेक’ ही आज्ञावली व तिच्यावर आधारलेली लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘लाटेक’ ही प्रणाली यांत मजकूर साध्या अक्षरफायलींत लिहिला जातो. मोठ्या ग्रंथासाठी एक छोटी मुख्य फाइल व प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र फाइल ठेवतात. प्रकरणांचा क्रम केवळ मुख्य फायलीत नोंदलेला असतो. त्यामुळे प्रकरणांच्या फायलींना क्रमांकाऐवजी विषयाचे नाव देणे सोयीचे ठरते. क्रम बदलला तरी नावे बदलावी लागत नाहीत.

प्रकरणे जोडण्यासाठी लाटेकमध्ये दोन आज्ञा आहेत. ‘इनपुट’ ही आज्ञा फायलीतील मजकूर आहे त्या जागी आणते. ‘इन्क्लूड’ ही आज्ञा प्रकरण नव्या पृष्ठावर सुरू करते व त्याची साहाय्यक फाइल वेगळी ठेवते. मात्र ती एकीच्या पोटात दुसरी अशी वापरता येत नाही. साहाय्यक फायलींत पृष्ठक्रमांक व परस्परसंदर्भ नोंदलेले असतात. म्हणून ‘इन्क्लूडओन्ली’ या आज्ञेने एकाच प्रकरणाची जुळणी केली, तरी इतर प्रकरणांचे आधीच्या जुळणीतील पृष्ठक्रमांक कायम राहतात. अंतिम प्रतीसाठी मात्र संपूर्ण ग्रंथाची जुळणी एकाहून अधिक वेळा करावी लागते.

मूळ व निर्मित फायली : मनुष्याने लिहिलेल्या आणि संगणकाने निर्माण केलेल्या फायली वेगळ्या ठेवणे हे या मांडणीचे मूलतत्त्व आहे. अनुक्रमणिका, सूची व साहाय्यक फायली पुसल्या, तरी त्या पुन्हा तयार होतात. प्रकरण पुसले, तर ते पुन्हा लिहावे लागते. देवनागरीसाठी फ्रान्स फेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये तयार केलेल्या संचात रोमन लिप्यंतरातील मूळ फायलीवरून पूर्वप्रक्रियक आज्ञावली टेकसाठी दुसरी फाइल तयार करते. अशा वेळी या दुसऱ्या फायलीत केलेली दुरुस्ती पुढील प्रक्रियेत नाहीशी होते; म्हणून दुरुस्ती नेहमी मूळ फायलीतच करावी लागते.

नावे व मार्ग : काही संगणकप्रणाली रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे भिन्न मानतात. यास्तव फायलींची नावे लहान अक्षरांत व मोकळ्या जागेविना देतात. आकृत्यांचा मार्ग एका विशिष्ट संगणकापुरता न लिहिता मुख्य फायलीच्या फोल्डरापासून लिहितात; टेक हा मार्ग सामान्यतः ज्या फोल्डरातून जुळणी सुरू केली तेथून शोधते, प्रकरणाच्या फोल्डरापासून नव्हे.

‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ अशी नावे देऊन प्रती वाढविण्यापेक्षा बदलांची नोंद ठेवणारी आज्ञावली वापरणे हितावह असते. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेली ‘गिट’ ही अशी आज्ञावली असून, कोणता बदल कोणी व केव्हा केला हे तिच्यावरून कळते. साध्या अक्षरफायलींतील बदल तिला ओळीगणिक दाखविता येतात.

सर्व निर्मित फायली पुसून उरलेले फोल्डर टंकांसह दुसऱ्या संगणकावर नेले व तेथे त्याच आज्ञावलींनी तोच ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, तर मांडणी निर्दोष आहे असे समजण्यास हरकत नाही.