'दम', 'पार्ट' आणि 'गॅरंटी' : गोंदियाच्या धान-बांधीतील इंजिनाविषयी

उद्याचे इंजिन कसे असावे हे अभियंत्याने ठरवावयाचे आणि विकल्यानंतर त्याची देखभाल कशी व्हावी हे व्यापाऱ्याने, अशी श्रमविभागणी आपण गृहीत धरलेली असते. भाषेच्या अभ्यासकाचे तेथे काय काम, असे कोणी विचारल्यास ते वावगे नव्हे. परंतु ज्याच्या हाती ते इंजिन जावयाचे तो शेतकरी आपली अपेक्षा आकड्यांत सांगत नाही, शब्दांत सांगतो. आणि ते शब्द कारखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचा अर्थ पुष्कळदा पालटलेला असतो. गोंदिया जिल्ह्यातील धान-शेतकरी पॉवर टिलर, ट्रॅक्टर आणि पाण्याचे इंजिन यांविषयी बोलताना जे मोजके शब्द वारंवार वापरतात, त्यांतील काहींचा अर्थ येथे उलगडून पाहावयाचा आहे.

प्रथम भूमीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा मुलूख होय. कोहळी समाजाने आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेले तलाव, त्यांच्या खाली उतरत गेलेल्या बांध्या, आणि बांधीबांधीला वेगळे करणारे धुरे, असे हे शेत असते. सलग मोठे वावर येथे विरळाच. पऱ्हे टाकून ते वाढेपर्यंत थांबावयाचे, पाऊस साधून बांधीत चिखलणी करावयाची आणि लागलीच रोवणी उरकावयाची, हा क्रम. रोप साधारण तीन ते चार आठवड्यांचे असतानाच रोवले जावे, कारण पऱ्ह्यातच जून झालेल्या रोपाला पुढे फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. म्हणजे वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी इंजिनाची खरी परीक्षा तीन-चार आठवड्यांतच होते. उरलेला काळ ते कोठ्यात उभे असते किंवा माल वाहते. या तीन-चार आठवड्यांत आठ दिवस इंजिन बंद राहिले, तर नुकसान दुरुस्तीच्या बिलाचे नसते, धानाचे असते. पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सारे या एका गोष्टीवर उभे आहे.

आता पहिला शब्द : दम. 'या इंजिनात दम नाही', 'चिखलात दम तोडते', 'जुन्यात दम होता', ही वाक्ये बांधीवर सहज ऐकू येतात. विक्रेता हा शब्द ऐकतो आणि त्याचे भाषांतर 'अश्वशक्ती कमी' असे करतो; मग अधिक अश्वशक्तीचे, अधिक किमतीचे यंत्र पुढे करतो. परंतु शेतकऱ्याच्या बोलीत ताकद आणि दम हे दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही निराळे आहेत. ताकद म्हणजे एकूण सामर्थ्य. दम म्हणजे ओझे अकस्मात वाढले असता श्वास न सुटता टिकून राहण्याचा गुण. कुस्तीत आणि भजनातही आपण हा शब्द याच अर्थाने वापरतो.

यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा भेद अगदी अचूक आहे. अश्वशक्ती ही दांडा फिरविण्याचा जोर आणि फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून निघते. वेग वाढवूनही मोठी अश्वशक्ती कागदावर दाखविता येते. चिखलात मात्र फाळ किंवा रोटर एकाएकी घट्ट थरात उतरतो, फेरे कोसळतात, आणि त्या क्षणी फिरविण्याचा जोर वाढला तरच इंजिन सावरते. फेरे उतरत असताना ज्याचा जोर चढतो त्या इंजिनात दम आहे. ज्याचा जोरही फेऱ्यांबरोबर उतरतो ते बंद पडते. तेव्हा शेतकरी मागतो ते जास्त घोडे नव्हेत. कमी फेऱ्यांवर टिकणारा जोर त्याला हवा आहे. हा खुलासा विक्रेत्याच्या टेबलावर झाला असता, तर बरीच कर्जे लहान राहिली असती असे आम्हांस वाटते.

दमाचा जोडीदार शब्द 'वजन' आहे, आणि तो एकाच वेळी प्रशंसेचा आणि तक्रारीचा आहे. बांधीचा वरचा थर लोण्यासारखा मऊ करावयाचा असतो, तर खालचा कठीण थर शाबूत ठेवावयाचा असतो. तोच पाणी धरून ठेवतो आणि चालणाऱ्या यंत्रालाही तोलतो. अठरा-वीस क्विंटलांचा ट्रॅक्टर, लोखंडी केजव्हील लावूनही, पुष्कळदा तो थर फोडतो आणि तेथेच रुततो. तेरा अश्वशक्तीच्या आसपासचा पॉवर टिलर सुमारे चार क्विंटलांचा असतो. तो रुतत नाही, धुऱ्याच्या कोपऱ्यात वळतो, परंतु माणसाला मागे चालावयास लावतो. साधा हिशेब करून पाहावा : रोटरची रुंदी साठ सेंटिमीटर धरली, तर एक एकर एकवार चिखलण्यासाठी पावणेसात किलोमीटर चालावे लागते. तेही गुडघाभर चिखलात, आणि दोन्ही हातांत सतत थरथरणारे दांडे धरून. चिखलणी एका फेरीत भागत नाही. म्हणून हलके इंजिन, हातांपर्यंत न पोहोचणारी थरथर, बसावयास जागा, आणि हँडल मारल्यावाचून सुरू होण्याची सोय, या मागण्या चैनीच्या नव्हेत. पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी त्या अधिक येतात हे स्वाभाविकच आहे.

मऊ पृष्ठभागावरून जाणारे, थोडक्या दिवसांच्या हंगामात वापरावयाचे आणि हलकेपणा व टिकाऊपणा यांच्या ओढाताणीत सापडलेले यंत्र जगात दुसरीकडेही आहे. उत्तर अमेरिकेत बर्फावरून पळणारी पट्ट्याची गाडी, म्हणजे स्नोमोबाइल, हे त्याचे उदाहरण. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिये यांनी १९३७ मध्ये बर्फावरील गाडीच्या पट्ट्याचे पेटंट मिळविले आणि १९५९ मध्ये 'स्की-डू' ही छोटी गाडी बाजारात आणली. तेथील चालकांतही हलके दोन-स्ट्रोक इंजिन बरे की जड परंतु दीर्घायुषी चार-स्ट्रोक बरे, हा वाद कायम आहे. चार-स्ट्रोक इंजिनांसाठी नावाजलेल्या यामाहा कंपनीने आपण हा व्यवसाय सोडणार असल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हा गाडी असणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो नव्या इंजिनाचा नव्हे, तर जुन्याचे सुटे भाग आणि जवळचा विक्रेता यांचा. बर्फ आणि चिखल यांत अंतर पुष्कळ. चिंता मात्र ओळखीची आहे.

या चिंतेचा आपल्याकडील शब्द 'पार्ट'. 'पार्ट भेटत नाही' हे वाक्य गोंदियात जितके सामान्य तितकेच पुण्याच्या श्रोत्याला अडविणारे आहे, कारण पुण्यात माणसे भेटतात, वस्तू मिळतात. वैदर्भी बोलीत 'भेटणे' दोन्ही कामे करते. 'फसणे' या क्रियापदाचे उदाहरण याहून बोलके आहे. पश्चिम महाराष्ट्रात फसणे म्हणजे फसविले जाणे. गोंदियात, हिंदीच्या सान्निध्यामुळे, 'ट्रॅक्टर फसला' म्हणजे ट्रॅक्टर चिखलात रुतला. कंपनीच्या मदतकेंद्रात दूरध्वनी उचलणाऱ्याने 'माझा ट्रॅक्टर फसला' हे ऐकून खरेदीच्या व्यवहाराविषयी विचारपूस सुरू केली, तर दोष कोणाचाच नाही. परंतु वेळ जातो तो रोवणीचा. तशीच गत 'इंजिन बसले' याची. कोणी त्याने इंजिनाचा जोर गेला असे सांगतो, कोणी पिस्टन जागीच धरला असे सांगतो. एकास रिंगा बदलावयाच्या असतात, दुसऱ्याचे संपूर्ण इंजिन उघडावे लागते. नेमके न विचारता पाठविलेला मिस्त्री चुकीची हत्यारे आणि चुकीचे सामान घेऊन तीस-चाळीस किलोमीटर येतो. ज्या जिल्ह्यात झाडीबोली, पोवारी, हिंदी आणि गोंडी एकाच बाजारात बोलल्या जातात, तेथे ही अडचण अपवादाची नव्हे.

पार्टाविषयीची अपेक्षा मात्र सर्वत्र एकच आहे. नोझल, ऑइल सील, बेअरिंग, क्लच प्लेट, पट्टा हे झिजणारे भाग आषाढाच्या आधी तालुक्याच्या गावी असावेत. देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या माणसाला त्यासाठी नागपूर गाठावे लागू नये. 'कंपनीचा' आणि 'लोकल' असे पार्टांचे दोन वर्ग शेतकरी मानतो, आणि लोकल वाईट असतो हे तो जाणतो. तरीही तो लोकल बसवितो, कारण कंपनीचा चार दिवसांनी येणार असतो आणि पाऊस आज आलेला असतो. ही काटकसर नव्हे, वेळेचा हिशेब आहे. विक्रेत्यांची बाजूही लक्षात घ्यावयास हवी : वर्षभर न खपणारा माल तीन आठवड्यांसाठी भरून ठेवणे त्यांना परवडत नाही. म्हणूनच हंगामापुरता साठा कंपनीने स्वतःच्या खर्चाने ठेवावा आणि न खपलेला परत घ्यावा, ही मागणी रास्त दिसते.

'गॅरंटी' या शब्दाची कथा निराळी. कागदावर 'वॉरंटी' लिहिलेले असते; शेतकरी ते 'गॅरंटी' असेच वाचतो, आणि त्या शब्दाने त्याला अभिप्रेत असते ती एका माणसाची जबाबदारी. ज्याने यंत्र विकले तो संकटात येईल, असा तो शब्द आहे. वॉरंटी हा मात्र अटींचा करार होय : अमुक तास, अमुक तेल, अधिकृत ठिकाणीच दुरुस्ती. गावच्या मिस्त्रीने बोल्ट सैल केला की तो करार मोडू शकतो. शेतकऱ्याला हा विश्वासघात वाटतो आणि विक्रेत्याला शेतकऱ्याचा निष्काळजीपणा. दोघेही आपापल्या शब्दाशी प्रामाणिक असतात. 'सर्व्हिस' या शब्दाचेही तेच : एकाच्या लेखी कूपनावरील ठरलेली तपासणी, दुसऱ्याच्या लेखी बांधीत थांबलेल्या इंजिनापाशी कोणीतरी येऊन उभे राहणे.

यांत आता एक नवी गुंतागुंत शिरली आहे. जुनी पाण्याची इंजिने, विशेषतः इंग्लंडातील डर्सलीच्या लिस्टर कारखान्याच्या नमुन्यावर राजकोटला बनत आलेली, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांनी चालत. त्यांचा प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येई आणि मिस्त्री कानाने रोग ओळखी. 'ठोका चुकतो', 'खोकते', 'श्वास ओढते' ही सारी निदानाची परिभाषाच होय, जरी ती कोणत्याही परिभाषा कोशात सापडणार नाही. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले आणि त्यांच्या इंधनपुरवठ्यावर विद्युत-नियंत्रण आले. हवा स्वच्छ राहावी हे योग्यच आहे, आणि असे इंजिन डिझेलही मोजून वापरते. परंतु त्याचा बिघाड ठोक्यात ऐकू येत नाही. पडद्यावर एक संकेतांक उमटतो, आणि तो वाचण्याचे उपकरण विक्रेत्यापाशीच असते. छोट्या यंत्रांकडे ही रचना आज ना उद्या येणार, हे शेतकरी ओळखून आहे. 'काहीही द्या, पण मिस्त्रीला कळेल असे द्या' हे त्याच्या मागणीचे सार म्हणता येईल.

हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेती-यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने मान्य केला आणि तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. तिने विचारात घ्यावयाच्या क्षेत्रांत शेती-अवजारांचा समावेश होता. विजेच्या इंजिनाबद्दल म्हणावयाचे तर, सोनालिका कंपनीने विजेवरचा ट्रॅक्टर डिसेंबर २०२० मध्ये आणला आणि त्याला फेऱ्यांच्या आरंभापासूनच पूर्ण जोर मिळतो, म्हणजे 'दम' आहे. तरी बांधीवरचा प्रश्न साधा असतो : चिखलाचे पाणी बॅटरीत गेले तर? पाणी उपसण्याच्या जागी मात्र सौर पंपाला लोक अनुकूल दिसतात, कारण तो एका ठिकाणी उभा असतो आणि त्याला डिझेल आणावे लागत नाही. पावसाच्या खंडात आभाळ ढगाळ असले तर काय, ही शंका मात्र उरतेच.

यंत्र बनविणाऱ्याने वापरणाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. लोखंडी नांगराने जमीन नासेल या समजुतीमुळे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर दीर्घकाळ विकले गेले नव्हते. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये, आणि १९२० मध्ये तेथूनच 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. आजच्या माहितीपुस्तिका पाहिल्या तर त्यांत एक तर इंग्रजी आढळते, नाही तर भाषांतराचे असे मराठी, की ज्यात नोझलला 'अंतःक्षेपक' म्हटलेले असते. नोझल हा शब्द सालेकसाच्या मिस्त्रीपासून पुण्याच्या अभियंत्यापर्यंत सर्वांना कळतो. तो बदलण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.

विक्रेत्याच्या तक्रारपत्रकावर सामान्यतः यंत्राचा क्रमांक, तास आणि बिघाडाचा प्रकार यांसाठी चौकटी असतात, आणि प्रकाराच्या चौकटीत इंग्रजी यादीतून एकावर खूण करावयाची असते. त्या यादीत 'दम तोडते' कोठे बसवावे, हे कोणालाच ठरविता येत नाही. म्हणून लिपिक 'इतर' या चौकटीवर खूण करतो, आणि वर्षअखेर कारखान्यात जे कोष्टक जाते त्यात ती तक्रार 'इतर' म्हणूनच जाते. पत्रकावर दोन रिकाम्या ओळी ठेवून शेतकऱ्याने उच्चारलेले वाक्य जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत लिहून घ्यावे, आणि त्याखाली मिस्त्रीने प्रत्यक्ष काय सापडले ते लिहावे. एका हंगामाच्या अशा जोड्या हाती आल्या, तर कोणता शब्द कोणत्या बिघाडाचा हे ठरविणे फारसे कठीण नाही. शब्दांची सूची तयार करण्याचे ते काम भाषाविभागाने हाती घेण्याजोगे आहे.