व्यसन खासगी, कायदा सर्वांचा

मंडळी, आपल्या बोर्डीच्या उत्तरेला लगेच गुजरात लागतो. इकडे दारूला परवाना मिळतो, तिकडे दारूबंदी. दोन्हीकडचा कायदा मात्र मुळात एकच, जुन्या मुंबई राज्याचा, १९४९ चा. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, पुढे वाटाही.

मग सीमा ओलांडली की त्याच घोटाचं पाप होतं का? नाही ना! म्हणून नुसतं 'पिणं वाईट' एवढ्यावर शिक्षा करणं आम्हाला पटत नाही.

पण मजुरी गुत्त्यात गेली, घरात मारहाण झाली, तर व्यसन खासगी राहिलं कुठे? महाराष्ट्रात बायका मतदानानं 'बाटली आडवी' करतात. त्यात दुकान बंद होतं, पिणारा तुरुंगात जात नाही. आम्हाला वाटतं, कायद्यानं नीती शिकवू नये, घर वाचवावं.