माळ पडीक नव्हे, नांदता आहे!

शेतकरी बंधूंनो, सात-बाऱ्यावर ज्याला आपण पोटखराबा म्हणतो, तो माळ खरोखरच रिकामा असतो का? सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा माळ पाहा. १९७९ साली तिथे माळढोक अभयारण्य झाले. त्याच कुसळी गवतात काळवीट चरतात, लांडगा अन् खोकड फिरतात, चंडोल व पखुर्डी जमिनीवरच अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येऊन नाकतोडे फस्त करतात. खोकड उंदीर टिपते. बिनखर्चाचे पीक संरक्षणच म्हणायचे की हे!

माळढोक मात्र आता क्वचितच दिसतो. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्यावर. माळ नांगरला, गवत पेटवले, कुत्री मोकाट सोडली की तेही गेले.

हरणे ज्वारीत घुसतात, लांडगा शेळी उचलतो, हे नुकसान खरेच आहे. पण म्हणून विष टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय त्यात आपलीच कुत्री मरतात. त्यापेक्षा लगेच, शक्यतो दुसऱ्याच दिवशी वनरक्षकाला लेखी कळवा, पोच घ्या, पंचनामा करून घ्या. मेलेले जनावर पंचनाम्याआधी हलवू नका. भरपाईची सोय आहे, ती मागा.

सरपंच व ग्रामपंचायत मंडळींनो, गायरानात खड्डे खणण्याआधी तिथले गवत पाहा. माळावर गवत हेच जंगल असते. ते राखले तर गुरांना चारा आणि पाखरांना आसरा, दोन्ही मिळेल.