पेशवेपदाचा सौदा आणि तासगावचे परशुरामभाऊ

तासगावच्या गणपती मंदिराचं सात मजली गोपूर आपण रथोत्सवाच्या गर्दीत पाहिलं असेल. ते मंदिर उभारणारे परशुरामभाऊ पटवर्धन हे मराठी राज्याच्या अखेरच्या मोठ्या विजयाचे सेनापती. 1795 मध्ये खर्ड्याला त्यांनी निजामाला नमवलं आणि दीड-दोन वर्षांत ते स्वतः कैदी झाले. हे कसं घडलं ते समजून घ्यायचं तर 1796 साली पेशवेपद कसं विकलं गेलं, हे टप्प्याटप्प्यानं पाहावं लागतं.

आधी नावांचा घोळ मिटवून घेऊ. बहुतेक वाचक इथेच अडखळतात. या हकिकतीतले बाजीराव म्हणजे दुसरे बाजीराव, राघोबादादांचे पुत्र. चिमाजी अप्पा हे त्यांचे धाकटे भाऊ. वसई जिंकणारे चिमाजी अप्पा 1740 मध्येच वारले होते. साताऱ्याच्या गादीवरचे शाहू महाराजही दुसरे, म्हणजे रामराजांनी दत्तक घेतलेले. आणि परशुरामभाऊंना ‘सांगलीकर’ म्हणू नये. सांगलीचं वेगळं संस्थान चिंतामणराव अप्पासाहेबांनी 1801 च्या सुमारास, भाऊंच्या मृत्यूनंतर, उभं केलं. भाऊ तासगावचे.

आता भाऊंची योग्यता पाहू. थोरल्या माधवराव पेशव्यांनी पटवर्धन घराण्याला मिरजेसह मोठा सरंजाम दिला. सरंजाम म्हणजे ठरावीक फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेल्या मुलखाचं उत्पन्न. पटवर्धनांचा सरंजाम आठ हजार घोडदळाचा होता. कर्नाटकातल्या हैदर आणि टिपूवरच्या मोहिमांत ही फौज तयार झाली. 1781 मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड बोरघाटाशी अडकला, तेव्हा त्याची रसद तोडून त्याला हैराण करणाऱ्यांत भाऊ पुढे होते. 1791 च्या एप्रिलमध्ये, सहा महिन्यांहून लांबलेल्या वेढ्यानंतर, धारवाडचा किल्ला त्यांच्या हाती आला. त्याच वर्षी पटवर्धनी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, हेही सांगितलंच पाहिजे. भाऊंचं चरित्र लिहिताना ते झाकण्यात अर्थ नाही.

खर्ड्याच्या लढाईचा एक प्रसंग इतिहासकार ग्रँट डफनं नोंदवला आहे. शत्रूची पाहणी करायला पुढे गेलेल्या भाऊंवर लालखान नावाच्या पठाण सरदारानं झडप घातली आणि त्यांना जखमी करून घोड्यावरून पाडलं. त्याच क्षणी भाऊंचा मुलगा हरिपंत धावला आणि त्यानं लालखानाला ठार केलं. हा हरिपंत पुढे आपल्याला वाईच्या वाटेवर पुन्हा भेटणार आहे.

पहिला टप्पा जागा रिकामी होण्याचा. 27 ऑक्टोबर 1795 रोजी पेशवे सवाई माधवराव वारले, वय अवघं एकवीस. मूलबाळ नव्हतं. सर्वांत जवळचे वारस म्हणजे शिवनेरीवर नजरकैदेत असलेले राघोबादादांचे मुलगे. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांनी जन्मभर राघोबादादांशी वैर धरलेलं, त्यामुळे बाजीराव त्यांना नको होते. वारस ठरवण्याचा निर्विवाद नियम नव्हता आणि ठरवणाऱ्यांना स्वतःचा कारभार टिकवायचा होता. पुढचा सगळा व्यवहार या फटीतून आत शिरला.

दुसरा टप्पा वचनाचा. बाजीरावांनी नानांना वगळून थेट दौलतराव शिंद्यांशी संधान बांधलं. दौलतराव तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. त्यांचा कारभार बाळोबातात्या पागनीस पाहत. बाजीरावांचा देकार असा होता: चार लाखांचा मुलूख आणि शिवाय फौज मैदानात असेपर्यंतचा सगळा खर्च.

इथे थोडं थांबू, कारण पुष्कळदा चार लाखांचा आकडाच लक्षात राहतो. घातक होता तो दुसरा भाग. फौजेचा खर्च रोज वाढतो आणि त्या वचनाला वरची मर्यादा नव्हती. शिवाय देणाऱ्याच्या हाती तेव्हा खजिना नव्हता. पद मिळाल्यावर रयतेकडून आणि सावकारांकडून वसूल करून तो हे फेडणार होता. पद मिळताना नजर, म्हणजे मानाचा नजराणा, देण्याची रीत जुनी होती आणि ती उघड असे. हा मात्र गुप्त सौदा होता, आणि ज्यांच्या पैशांवर तो झाला त्यांना त्याची खबरही नव्हती.

तिसरा टप्पा: भाऊ आत येतात. शिंद्यांशी चाललेलं बोलणं कळताच नानांनी तासगावला निरोप धाडला. निरोप मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत भाऊंनी एकशे वीस मैल मजल मारली, असं ग्रँट डफ लिहितो. शिंद्यांच्या आधी आपणच बाजीरावांना गादी द्यावी, असं ठरवून भाऊ त्यांना आणायला गेले. बाजीरावांचा विश्वास बसेना. तेव्हा भाऊंनी गायीचं शेपूट धरून, गोदावरीची शपथ घेऊन, यात कपट नाही असं सांगितलं आणि बाजीराव त्यांच्याबरोबर आले.

शपथ खरी असेल. मला ती त्या दिवशी तरी खरीच वाटते. पण सौदा हुकल्यावर फौज घेऊन पुण्यावर आलेल्या शिंद्यांच्या धाकानं नाना पुणं सोडून साताऱ्याला आणि मग वाईला गेले, आणि बाळोबातात्यांनी भाऊंपुढे नवा बेत मांडला. बाजीरावांना दूर करायचं, चिमाजी अप्पांना पेशवा करायचं आणि कारभार भाऊंनी पाहायचा. भाऊंनी ते मान्य केलं. खर्ड्याच्या विजयानं आलेला दबदबा दरबारातही चालेल, असं त्यांना वाटलं असावं. माझ्या मते भाऊंची घसरण या क्षणी सुरू झाली. आपल्याच शपथेचा माणूस त्यांनी मोडू दिला. बाजीरावांना पैशांच्या हिशेबासाठी म्हणून शिंद्यांच्या छावणीत बोलावून तिथेच अडकवण्यात आलं.

चौथा टप्पा कायदेशीर रंग देण्याचा. चिमाजींना सवाई माधवरावांची अल्पवयीन विधवा यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक दिलं. नातं लावून पाहा: चिमाजी हे सवाई माधवरावांच्या वडिलांचे चुलत भाऊ, म्हणजे यशोदाबाईंचे चुलत सासरे. सासऱ्याला सुनेचा मुलगा केलं! हे दत्तक पुढे शास्त्रविरुद्ध ठरवून रद्द झालं. शेवटचा शिक्का साताऱ्याचा. छत्रपतींकडून वस्त्रं, म्हणजे नेमणुकीचा मानाचा पोशाख, आल्याशिवाय कुणी पेशवा होत नसे. छत्रपतींच्या हाती सत्ता उरली नव्हती, पण त्यांची संमती अजून लागत होती. 1796 च्या उन्हाळ्यात ती वस्त्रं आली आणि चिमाजी पेशवे झाले.

आता पाचवा टप्पा, आणि इथे वाईची गोष्ट येते. भाऊंना नाना पुण्यात परत हवे होते; नानांच्या शब्दाशिवाय सावकार आणि सरदार हलत नसत. बोलणी करायला हरिपंताला पाठवा, असा निरोप नानांनी दिला. हरिपंत आला, पण वकील म्हणून येण्याऐवजी चार-पाच हजार निवडक स्वार घेऊन त्यानं नीरा ओलांडली. नानांनी अर्थ ओळखला. वाईजवळ मेणवलीला त्यांचा स्वतःचा वाडा, कृष्णेचा घाट. सगळं मागे टाकून ते कोकणात उतरले, वाटेतल्या घाटांचे बंदोबस्त केले आणि महाडला जाऊन बसले.

महाडात बसून नानांनी जे केलं ते या प्रकरणाचं मर्म आहे. त्यांनी वरची बोली लावली. शिंद्यांना त्यांनी सांगितलं: बाळोबाला कैद करा, बाजीरावांना गादीवर बसवा, बदल्यात नगरचा किल्ला, दहा लाखांचा मुलूख आणि परशुरामभाऊंची जहागीर घ्या. निजामाला 8 ऑक्टोबर 1796 च्या महाडच्या तहानं खर्ड्याला गमावलेलं परत द्यायचं कबूल केलं. कोल्हापूरकरांना भाऊंच्या मुलखावर चालून जायला फूस दिली. भाऊंनी रक्त सांडून मिळवलेला विजय आणि त्यांच्या बापजाद्यांचा सरंजाम, दोन्ही याच बाजारात मांडले गेले. नानांचं बुद्धिचातुर्य आपण शाळेपासून ऐकत आलो. या तहाचं कौतुक मला करवत नाही.

इकडे छावणीत अडकलेल्या बाजीरावांनी कागलच्या सखाराम घाटग्यांमार्फत शिंद्यांना दोन कोटी कबूल केले. सौदा पुरा झाला. 27 ऑक्टोबरला, सवाई माधवरावांच्या मृत्यूला बरोबर एक वर्ष होताना, शिंद्यांनी आपल्याच कारभाऱ्याला, बाळोबाला, पकडलं. भाऊ चिमाजींना घेऊन निसटले, पण पाठलाग होऊन कैद झाले. डिसेंबरात वस्त्रं बाजीरावांना मिळाली.

सहावा टप्पा वसुलीचा. बहुतेक कथा राज्यारोहणाशी थांबतात आणि हा भाग सुटतो. दोन कोटी कुठून देणार? खजिन्यात नव्हते. मग घाटग्यांनी पुण्यातल्या सावकारांना आणि सरदारांना पकडून, छळून पैसे काढले. खुद्द नानांना 1797 च्या अखेरच्या दिवशी शिंद्यांच्या माणसांनी कैद केलं. पद विकत घेणाऱ्यानं दिलेली रक्कम शेवटी कुणाच्या घरातून निघाली, ते शोधल्याशिवाय असा कुठलाही व्यवहार समजला असं म्हणता येत नाही.

भाऊंना आणखी एक संधी मिळाली, पण कशी ते पाहा. 1798 मध्ये साताऱ्याच्या शाहू महाराजांनी पेशव्यांविरुद्ध उठाव केला आणि त्यांच्यावर गेलेल्या माधवराव रास्त्यांना माघार घ्यावी लागली. तेव्हा कैदेतल्या भाऊंना मोकळं करून फौज उभारायला सांगण्यात आलं. भाऊंनी सातारा घेतला. ज्या छत्रपतींची वस्त्रं दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मागून आणली होती, त्यांनाच शरण आणून त्यांनी आपली सुटका पक्की केली. महाराजांचे बंधू चतुरसिंग कोल्हापूरकडे निसटले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1799 मध्ये, कोल्हापूरकरांशी लढताना निपाणीजवळच्या पट्टणकुडीला भाऊ पडले. वय साठीच्या आसपास.

आपल्याला हे सविस्तर वाचायचं असेल तर क्रम असा ठेवावा. आधी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास. तो 1818 नंतर साताऱ्यालाच इंग्रजांचा प्रतिनिधी होता, त्यामुळे अनेक घराण्यांची दप्तरं त्याला पाहायला मिळाली. मात्र तो विजेत्यांच्या बाजूचा, हे लक्षात असू द्यावं. मग वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’. खऱ्यांनी मिरजेत राहून पटवर्धनी दप्तरातली पत्रं छापली. पत्रांतल्या तिथ्या शके आणि चांद्रमासांत असतात, त्या इसवी सनात बदलून एका कागदावर ओळीनं लिहून घ्या. मे ते ऑक्टोबर 1796 हे महिने असे समोर मांडले की कोण कुणाला कोणत्या दिवशी काय कबूल करत होतं ते दिसू लागतं, आणि पटवर्धनी पत्रांची भाषा जड वाटेनाशी होते.